तुसावर अनवाणी

डॉक्टरबाई माझ्या भावाच्या पायाशी स्टुलावर बसल्या होत्या आणि भाऊ त्यांना कोंबड्या कशा वाढवाव्यात ते समजावून सांगत होता. उजव्या पायाचा अंगठा काळा पडला होता. त्याच्या बुडाशी, तळव्याला, बोट जाईल एवढं भोक होतं. लाली घोट्याच्या वर चढली होती, आणि जो वास येत होता तो खिडकी उघडी असूनही खोलीतून हलत नव्हता. अशात हा गृहस्थ म्हणतोय, "नुसते दिवे लावून भागत नाही, डॉक्टरबाई. पिल्लाला ऊब खालून लागते."

"काका, पाय हलवू नका."

"मी कुठं हलवतोय?"

पाय हलत होता. त्याला ते कळत नव्हतं.

हा माझा भाऊ जगाचा आप्पा आहे आणि माझा बाळ्या. तो जन्मला तेव्हा मी पाटी-दप्तर घेऊन शाळेत जात होते, त्यामुळे त्याच्या पांढऱ्या मिशांचा माझ्यावर काही वचक नाही. जन्मभर त्यानं कोंबड्या वाढवल्या. कंपनी नुकती अंड्यातून निघालेली पिल्लं आणून सोडते, खाद्य देते आणि मोठ्या झालेल्या कोंबड्या भरून नेते. मधलं जगवणं आपलं. शेडच्या जमिनीवर भाताच्या तुसाचा जाड थर असतो. पिल्लं त्याच्यावरच झोपतात, त्याच्यावरच घाण करतात. तूस कोरडा राहिला तर पिल्लं टुणटुणीत. ओला राहिला की वाफ धरतो, डोळे झोंबायला लागतात आणि पिल्लं माना टाकतात.

बाकीचे लोक तूस मुठीत दाबून बघतात. बाळ्या चपला दाराशी काढायचा आणि अनवाणी आत शिरायचा. एक फेरी झाली की सांगायचा, त्या कोपऱ्यात ओल आहे, इथली नळी गळतेय, मधे खालून गरम झालंय. उकरून बघावं तर तसंच असायचं. दुसरे शेडवाले त्याला न्यायला गाडी पाठवायचे. "आप्पांचे पाय लागू द्या एकदा," म्हणायचे. हाही मग नव्या नवरीसारखा मिरवत जायचा. त्या तळव्यांचा त्याला फार अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर मलाही होता.

डॉक्टरबाईंनी एका दांडीला लावलेला नायलॉनचा बारीक दोरा काढला. "डोळे मिटा, काका. पायाला काही लागलं की हो म्हणायचं. एवढंच."

बाळ्यानं डोळे मिटले. शाळेतल्या परीक्षेला बसल्यासारखा ताठ झाला.

मी टेलिफोन एक्स्चेंजात नोकरी केली. कानाला हेडफोन लावून माझं तारुण्य गेलं. समोरच्याला काही ऐकू आलेलं नसताना तो "हो, हो" म्हणतो ना, ते हो वेगळं असतं. जरा घाईनं येतं आणि जरा मोठ्यानं येतं.

"हो," बाळ्या म्हणाला.

बाईंचा हात त्यांच्या मांडीवर होता.

मग त्यांनी दोरा टाचेला टेकवला, वाकेपर्यंत दाबला. बाळ्या गप्प. बोटांच्या खाली, तळव्याच्या मधे, दुसऱ्या पायाला. गप्प. बाईंनी हात मागे घेतला.

"हो," तो म्हणाला. "आत्ता लागलं. बरोबर?"

माझा भाचा दाराशी उभा होता. बाळ्याचा एकुलता एक मुलगा, आता शेड तोच बघतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"डोळे उघडा, काका. पाय बधिर होऊन किती काळ झाला?"

"बधिर? छे हो. कामाचे पाय आहेत, कातडी जाड असणारच."

"साखर किती वर्षं आहे?"

"आहे थोडी."

"आणि जखम कधीची?"

"परवा-तेरवाची."

मला तिथंच तिडीक आली. परवा-तेरवाची जखम अशी असते? पाण्याच्या तुटक्या भांड्याची तार तळव्यात घुसली होती आणि हा ती घेऊन दिवसभर शेडमध्ये हिंडला होता. खाद्याच्या पोत्यांवर तांबडे ठसे दिसले म्हणून भाच्यानं पाय उचलून बघितला, तेव्हा ह्याला पत्ता लागला. त्यालाही बरेच दिवस उलटले होते. मधल्या काळात कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं कात्रीनं पट्टी कापून चार गोळ्या दिल्या. सूज उतरली, गोळ्या बंद. सूज चढली, दुसऱ्या रंगाच्या गोळ्या. हे सगळं मला फोनवर कळलं ते पाय काळा पडल्यावर. तोवर मी आपली विचारते आहे, "बाळ्या, कसा आहेस?" आणि हा म्हणतोय, "एकदम फर्स्ट क्लास."

मी ते सगळं डॉक्टरबाईंना तिथल्या तिथे सांगून टाकलं. बाळ्या म्हणाला, "ताईला सवय आहे, दुसऱ्यांचे फोन ऐकायची."

"हो, आणि तुझा नीट ऐकला नाही याचं वाईट वाटतंय."

त्याच दिवशी त्यांनी जखम उघडून आतला पू काढला, मेलेलं मांस कापून टाकलं. हाडापर्यंत गेलंय, म्हणाल्या. जखमेतलं थोडं तपासणीला पाठवलं. जंतू वाढवून त्यांच्यावर एकेक औषध घालून बघतात. ज्याच्यानं मरतात ते कामाचं. रिपोर्ट येईपर्यंत सलाईनमधून दोन औषधं चालू केली. पाय वाचेल का, म्हणून मी विचारलं. त्या म्हणाल्या, "जंतूंनी ऐकलं तर अंगठ्यावर भागेल."

जंतूंनी ऐकलं नाही. ताप उतरेना. लाली नडगीवर चढली. रिपोर्ट आला तेव्हा बाई तो हातात घेऊनच खोलीत आल्या.

"यातलं जवळजवळ काहीच लागू पडत नाहीये," त्या म्हणाल्या. "एक औषध राहिलंय. त्याची तपासणी वेगळी करावी लागते, ती अजून यायची आहे. जुनं आहे, मूत्रपिंडाला जड आहे, म्हणून आम्ही ते सगळ्यात शेवटी काढतो. आजच सुरू करते."

त्यांनी त्या औषधाचं नाव घेतलं. भाच्याचा चेहरा उतरला. तो खोलीबाहेर गेला आणि मी त्याच्या मागोमाग गेले.

बाहेर लांबच लांब बोळ होता, भिंतीला प्लास्टिकच्या खुर्च्या. तो एका खुर्चीच्या काठावर बसला होता, उठून पळायच्या बेतात असल्यासारखा.

"काय झालं?"

"काही नाही, आत्या."

"मला 'काही नाही' सांगू नकोस. तुझ्या बापाचं 'हो' ऐकून आलेय मी."

तो हळू आवाजात म्हणाला, "ते औषध आमच्याकडे बादलीभर आहे."

मला कळेना. मग त्यानं सांगितलं. शेडवर एक बॅगवाला येतो. गुळगुळीत माणूस, सगळ्यांना दादा-काका करतो. त्याची एक पावडर असते, पिल्लांच्या पाण्यात टाकायची. पहिल्या दिवसापासून. आजारी असोत नसोत. पोटं बिघडत नाहीत, पिल्लं कमी मरतात, वजन लवकर भरतं. बादलीवर बारीक अक्षरात तेच नाव आहे.

"आणि आप्पांनी..." तो थांबला.

"काय आप्पांनी?"

"जखमेवर तीच भरली. रोज, मूठ मूठ. वर फडकं बांधायचे. म्हणाले, हजारो पिल्लं जगतात हिच्यावर, माझा एक पाय नाही जगणार?"

मी खुर्चीवर बसले.

"तू बघत होतास?"

"मी सांगितलं दवाखान्यात चला म्हणून. ऐकतात का ते कुणाचं?"

"चल. हे डॉक्टरांना सांग."

"नको, आत्या. बॅगवाला म्हणालाय, कुणी विचारलं तर जीवनसत्त्व सांगायचं. कंपनीला कळलं तर पिल्लं द्यायची बंद करतील."

"अरे, बाप मरतोय तिथं."

"आप्पांना माझं काय कळतंय? त्या मोठ्या बॅचच्या वेळी पिल्लं पटापट मेली, तेव्हा सगळ्यांसमोर मला काय काय बोलले ते विसरलो नाही मी. माल भरणारी माणसं उभी होती, कंपनीचा साहेब उभा होता. म्हणाले, ज्याला पाण्याची नळी सांभाळता येत नाही त्यानं कोंबड्यांच्या वाटेला जाऊ नये. त्या दिवसानंतर मी धोका घेतला नाही. एक बॅच पावडरीशिवाय काढली नाही."

मी त्याचं मनगट धरलं आणि त्याला डॉक्टरबाईंपुढे नेऊन उभं केलं. माझ्याहून दीड हात उंच माणूस, पण आला. सगळं सांगितलं त्यानं. बाईंनी एकदा डोळे मिटून घेतले.

"आमच्याकडची सगळी औषधं संपल्यावर आम्ही ज्याला हात लावतो, ते तुम्ही पिल्लांना पाण्यातून देता? आजारी नसताना?"

"वजन चांगलं येतं," तो म्हणाला.

बाई एवढंच म्हणाल्या की काकांच्या पायातले जंतू तुमच्याच शेडमधले, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. गोळ्या अर्धवट घेतल्या, साखर बेफाम होती, उशीर झाला, सगळंच आहे. पण जंतूंना असं थोडं थोडं औषध रोज पाजलं की त्यातले चिवट तेवढे उरतात आणि तेच वाढतात. मग तेच औषध खऱ्या गरजेला घातलं तर त्यांना काही होत नाही.

दुसऱ्या दिवशी ती वेगळी तपासणी आली. शेवटचं औषधही गेलं होतं.

मी त्या बोळातल्या खुर्चीवर बसून होते आणि मला आई आठवत होती. बाळ्याच्या जन्मानंतर तिला ताप भरला होता. अंग थरथरत होतं, ती मला ओळखत नव्हती. शेजारणी पदर तोंडाला लावून दारात उभ्या होत्या, त्यांनी मनातून आशा सोडली होती. वडील सायकलवरून कंपाउंडरना घेऊन आले. त्यांनी आमच्याच पातेल्यात सुई उकळली. पातेलं चुलीवर, सगळं घर त्या पातेल्याकडे बघतंय. पेनिसिलिन हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कुणी घातली गं ही वेणी? उंदरानं कुरतडल्यासारखी." मी रडत सुटले. त्यानंतर ती आमची लग्नं बघून गेली.

अशी ती वस्तू होती. माणूस तिच्यापुढे हात जोडून उभा राहायचा. आणि आम्ही ती काय केली? दुकानदारानं ती कात्रीनं कापून विकली. आम्ही अर्धी खाल्ली, अर्धी डब्यात ठेवली. बॅगवाल्यानं बादल्या भरून दारोदार नेली. आम्ही ती कोंबड्यांच्या पाण्यात कालवली, कशासाठी, तर कोंबडी चार दिवस आधी विकता यावी म्हणून. माझ्या आईला परत आणणारी गोष्ट. मला कुणाचा गळा धरावा ते कळत नव्हतं. जो समोर दिसेल त्याचा धरावासा वाटत होता.

डॉक्टरबाईंनी बाळ्याला स्पष्ट सांगितलं. "काका, विष रक्तात चाललंय. पाय काढावा लागेल. आज काढला तर गुडघ्याखाली जमेल. थांबलात तर मला सांगता येत नाही."

"पाय मिळणार नाही," बाळ्या म्हणाला. जणू त्या उसना मागायला आल्या होत्या.

भाच्यानं सांगून बघितलं. बाईंनी परत येऊन सांगितलं. याचं एकच पालुपद. पाय गेला तर शेडमध्ये मी काय करू? खुर्ची टाकून कोंबड्यांशी गप्पा मारू? आख्खा दिवस यात गेला. ताप वाढत होता, सलाईनच्या बाटल्या बदलत होत्या आणि लाली वर सरकत होती.

संध्याकाळी मी भाच्याला चहा प्यायला पिटाळलं आणि पलंगाजवळ बसले.

"बाळ्या, तू कुठला पाय वाचवतोयस?"

"हा. दुसरा कुठला?"

"तो तर कधीच गेलाय. तुला काही लागत नव्हतं आणि तू हवेतल्या दोऱ्याला हो म्हणत होतास. मी तिथं होते."

त्यानं तोंड भिंतीकडे केलं.

"खोटं 'हो' एका दिवसात शिकत नाही माणूस," मी म्हणाले. "कधीपासून चाललंय हे? शेडमध्ये फेरी मारून सांगायचास, इथं कोरडं, तिथं कोरडं. तेव्हाही असंच?"

त्यानं चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली, आणि माझ्या डोक्यात दुसरी गोष्ट जुळली.

"ती मोठी बॅच. पिल्लं मेली ती. त्या आधी तू फेरी मारली होतीस?"



"मारली होती," तो भिंतीशी बोलला. "पोरगा म्हणत होता, आप्पा, मला ओल वाटतेय, तूस पालटू का? मी म्हटलं, माझे पाय जास्त शहाणे का तू? कोरडा आहे, राहू दे."

"आणि ओला होता."

"चिखल होता, ताई. पिल्लं मेल्यावर उकरला तेव्हा पाणी सुटलं त्यातून. मी त्याच्यावरून चाललो होतो. काही कळलं नव्हतं."

"आणि सगळ्यांसमोर तू पोराला बोललास."

"मग काय सांगायचं होतं? आप्पांचे पाय गेले म्हणून? दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं असतं का मला?"

मी आयुष्यात बाळ्यावर हात उचलला नाही. लहानपणीही नाही. त्या क्षणी उचलला असता, सलाईन नसती तर. मी म्हणाले, "त्या बोलण्यामुळे पोरगा घाबरला. म्हणून त्यानं त्या बॅगवाल्याला दारात घेतलं. म्हणून प्रत्येक बॅचला ती पावडर. आणि तीच तू पायात भरलीस. कळतंय का तुला, कुठून कुठं आलंय हे? आता तो आला की त्याला सांग. पाय देतोस न देतोस, तुझं तू बघ. मरायचं तर मर. पण हे त्याच्या डोक्यावर ठेवून मरायचं नाही."

"फार कडू बोलतेस."

"तुझ्यावरच गेलेय."

भाचा परत आला तेव्हा मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. खोलीबाहेर गेले नाही. बाळ्यानं शब्द गिळले असते. त्यानं सांगितलं. फिरवून, आडून आडून, शेवटी सरळ. तूस ओला होता, तुझं बरोबर होतं, मला पायाला कळत नव्हतं, आधीपासूनच कळत नव्हतं.

भाचा पायथ्याची चादर सारखी करत होता. ती सरळच होती.

"बोललात तेव्हा सगळ्यांसमोर बोललात, आप्पा," तो म्हणाला. "आता मात्र बंद खोलीत सांगताय."

"मग बोलाव सगळ्यांना."

"कुणाला बोलावू? माल भरणारे आता दुसरीकडे जातात. कंपनीचा तो साहेब बदलून गेला. माझी बायको अजून म्हणते, तुम्हाला नळी सांभाळता आली असती तर. तिला बोलावू?"

"बोलाव. सांगतो तिला."

"राहू द्या." त्यानं संमतीचा कागद पुढे केला. "सही करा आधी. मग जगा, आणि घरी येऊन तुम्हीच सांगा तिला. मी नाही सांगणार तुमच्या वतीनं."

बाळ्यानं सही केली. भाच्यानं खालून पुठ्ठा धरला. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते.

शस्त्रक्रिया पहाटे झाली. पाय गुडघ्याच्या वरून गेला. डॉक्टरबाई बाहेर आल्या, टोपी काढली आणि म्हणाल्या, काल जमलं असतं, आज खालचं मांस राहिलं नव्हतं. रक्तातलं विष आता उतरेल असं वाटतंय. जीव वाचेल. त्यांचं बोलणं होईपर्यंत भाचा उभा होता. नंतर तो भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली जमिनीवरच बसला. खुर्च्या रिकाम्या होत्या.

त्याचा फोन वाजला. मी शेजारी होते, मला सगळं ऐकू येत होतं. बॅगवाला होता. आप्पांची चौकशी केली, फार वाईट झालं म्हणाला, आणि त्याच दमात म्हणाला, "दादा, पिल्लं येतायत ना तुमची? नवीन आलंय एक, त्याहून कडक. घेऊन येतो."

भाच्यानं फोन कानाला धरला होता. "कळवतो," म्हणाला आणि ठेवला.

"कळवतो?" मी म्हणाले. "काय कळवतोस? आत काय झालंय ते बघितलंस ना?"

"आत्या, पिल्लं येणार आहेत. पावडर नाही घातली आणि मेली, तर शेड गेलं. मग आप्पांचं औषधपाणी कोण करणार? डॉक्टरबाई येणार आहेत का पिल्लं जगवायला?"

"तुझा बाप तुझ्या वयाचा होता तेव्हा कुठली पावडर होती? कोरड्या तुसावर जगत होती पिल्लं."

"तेव्हा एवढ्याशा शेडमध्ये एवढी पिल्लं नव्हती. आणि त्यांचे पाय होते."

"तुला हात नाहीत? मुठीत धरून बघ. सकाळ-संध्याकाळ बघ. ओला वाटला की पालट, कुणाला विचारू नकोस. त्या वेळी तुला बरोबर कळलं होतं. त्याला नाही, तुला."

तो भिंतीवरच्या ओरखड्याकडे बघत राहिला. मी रागात होते आणि मला माहीत होतं की तो जे बोलतोय तेही सगळं खोटं नाही. त्यानं राग आणखीच वाढत होता.

"एका शेडमध्ये नाही घालत," तो शेवटी म्हणाला. "मागच्या. लहान आहे ते. पुढच्या मोठ्या शेडचं मी आत्ता काही सांगू शकत नाही."

"एका तर एका."

"मेली तर?"

"मेली तर माझ्या नावानं ओरड. सगळ्यांसमोर ओरड. मी येऊन उभी राहते तिथं. पण घरात दुसऱ्या कुणावर ढकलायचं नाही."

तो उठला, पँटची धूळ झटकली. बाळ्याला शुद्धीवर यायला अजून वेळ होता. भाच्यानं तुसाच्या गिरणीवाल्याला फोन लावला आणि बोळातून चालत जाता जाता त्याच्याशी भांडायला लागला, मागच्या वेळी भिजलेली पोती दिलीस, या वेळी एकेक पोतं फोडून बघून घेईन म्हणून. त्याचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येत होता.